नादुरुस्त यंत्र आणि दिलेला शब्द

बाजारातून आपण एखादी वस्तू विकत आणतो तेव्हा नेमके काय विकत घेतो? प्रश्न बाळबोध वाटेल; परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. पूर्वी मडके घेताना आपली माणसे त्यावर टिचकी मारून नाद ऐकत. कोयता घेताना धारेवर अंगठा फिरवीत. बैल घेताना त्याचे दात पाहत आणि त्याला चार पावले चालवून बघत. वस्तूचा गुण आणि दोष डोळ्यांना, कानांना आणि बोटांना कळत असे. पैसे मोजले, वस्तू घरी आली की व्यवहार संपे, आणि पुढे काही बिघडले तर दोष बहुधा पारखणाऱ्याच्या पारखेला दिला जाई.

आज ज्या वस्तूंवर आपल्या मुलांचे शिक्षण आणि तरुणांची नोकरी अवलंबून आहे, त्यांच्या बाबतीत ही पारख चालत नाही. लॅपटॉपवर टिचकी मारून आत काय आहे ते कळत नाही. दुकानात तो सुरू होतो, पडदा उजळतो, रंगीबेरंगी चित्रे दिसतात. यापलीकडे सामान्य गिऱ्हाइकाला काहीही पारखता येत नाही. म्हणूनच अशा वस्तूबरोबर आपण आणखी एक गोष्ट विकत घेत असतो, आणि ती म्हणजे एक शब्द. वस्तू बनवणारा सांगतो की, वर्षभरात काही बिघडले तर ते मी नीट करून देईन. या शब्दाला आपण वॉरंटी म्हणतो. वस्तू एकदाच हाती दिली जाते. शब्द मात्र मुदतभर रोज पाळावा लागतो. वस्तूच वारंवार बंद पडू लागली, तर त्या शब्दाचे काय होते? देणाऱ्याने काय केले म्हणजे तो पाळला असे म्हणावे? आणि ज्याला तो शब्द दिला गेला, त्याचेही काही कर्तव्य आहे काय? या प्रश्नांचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. आपल्याकडे बोलताना लोक दोन शब्दांत फरक करतात. ग्यारंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे फक्त दुरुस्त करून मिळणार, असे दुकानदारही सांगतो आणि गिऱ्हाईकही मान डोलावते. वास्तविक हे दोन्ही शब्द एकाच जुन्या फ्रेंच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. आपल्या देशातील १९३० च्या वस्तू विक्री कायद्याने वेगळा भेद केला आहे. करारातील जी गोष्ट त्याच्या मूळ हेतूला अत्यावश्यक असते ती शर्त, आणि जी त्या हेतूला आनुषंगिक असते ती वॉरंटी. शर्त मोडली तर खरेदी करणारा वस्तू नाकारू शकतो. वॉरंटी मोडली तर त्याला केवळ नुकसानभरपाई मागता येते. त्याच कायद्याच्या १६ व्या कलमात असेही सांगितले आहे की, गिऱ्हाइकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबून वस्तू घेतली असेल, तर काही मर्यादांच्या आत ती त्या हेतूस योग्य असावी ही शर्त न लिहिताही करारात गृहीत असते.

हा भेद केवळ वकिलांच्या उपयोगाचा नाही. वॉरंटीच्या छापील पत्रकात बारीक अक्षरांत अनेकदा असे लिहिलेले असते की, यंत्र अखंड अथवा बिनचूक चालेल असे आम्ही सांगत नाही. बिघाड झाल्यास दुरुस्ती करू, एवढेच सांगतो. गिऱ्हाईक मात्र मनात समजून चालते की, यंत्र चालेल असा शब्द मला मिळाला आहे. म्हणजे एकाच कागदावर दोन वेगवेगळे शब्द राहतात. कंपनीचा शब्द आहे ‘दुरुस्त करीन’. गिऱ्हाइकाने ऐकलेला शब्द आहे ‘चालेल’. यंत्र चांगले असते तोवर या दोहोंतील अंतर कोणाच्या लक्षात येत नाही. यंत्र बिघडले की ते उघडे पडते.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा अनुभव या ठिकाणी सांगण्यासारखा आहे. घरची वाडी, वडील पहाटेच्या गाडीने पालेभाजी आणि फुले घेऊन दादरला जाणारे, आई वाडीचे आणि घराचे पाहणारी. थोरली मुलगी वाणिज्य शाखेचे शिक्षण घेत हिशेबतपासनिसाच्या परीक्षेची तयारी करणारी. तिच्यासाठी पन्नास हजारांहून अधिक किमतीचा लॅपटॉप घेण्यात आला. दोन महिने तो ठीक चालला. मग एके दिवशी काम करता करता पडदा निळा झाला, त्यावर काही अगम्य अक्षरे उमटली आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. असे आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज होऊ लागले. मुलीने तो सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तेथील तरुणाने तो दोन दिवस ठेवून घेतला, त्यातील सारे पुसून सर्व प्रणाली नव्याने घातली आणि परत दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेस कागदावर शेरा मिळाला, ‘दोष आढळला नाही’. तिसऱ्या खेपेसही तोच शेरा. मुलीची आई आम्हांला म्हणाली, “फादर, पोरगी रोज रडते. आणि तिकडे म्हणतात काही झालेलंच नाही. आम्ही काय खोटं सांगायला विरारपर्यंत रेल्वेने जातो?”

या माउलीच्या प्रश्नात आमच्या विषयाचे मर्म आहे. प्रश्न यंत्राचा राहिलेला नाही. कोणाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा, असा तो झाला आहे. आणि न्यायाने पाहिले तर येथे दोन्ही पक्ष खरे बोलत असण्याचा पुष्कळ संभव आहे. लॅपटॉपचा असा बिघाड बहुधा सतत नसतो. तो येतो आणि जातो. स्मृतीच्या पट्टीतील एखादा कण सदोष असेल, तर त्या नेमक्या जागी माहिती साठवली जाईल तेव्हाच गडबड होते. मदरबोर्डावरील एखादा सांधा कच्चा असेल, तर यंत्र तासभर चालून तापल्यावर तो सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. पंख्यात धूळ बसली असेल, विजेचा पुरवठा कमीजास्त होत असेल, एखादा चालक-प्रोग्राम सदोष असेल, तरीही बाहेरून दिसणारे लक्षण एकच: यंत्र बंद पडते. वातानुकूलित खोलीत वीस मिनिटे सुरू ठेवलेल्या यंत्रात दोष न दिसणे शक्य आहे, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली चार तास चाललेले तेच यंत्र पाच वेळा बंद पडणेही शक्य आहे. वैद्यासमोर बसल्यावर ताप उतरतो, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

परंतु ‘आम्हांला दोष आढळला नाही’ आणि ‘दोष नाही’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिले वाक्य आपल्या शोधाची मर्यादा सांगते. दुसरे दुसऱ्याचा अनुभव नाकारते. पहिले म्हणणारा प्रामाणिक मनुष्य पुढे विचारील, ‘तर मग तो केव्हा होतो ते सांगा, आम्ही अधिक वेळ चालवून पाहू, यंत्रात बंद पडल्याची नोंद राहते, ती वाचून पाहू, स्मृतीची रात्रभर परीक्षा करू.’ दुसरे म्हणणारा कागदावर शिक्का मारून खिडकीतून यंत्र परत देतो. अज्ञान असणे हा दोष नव्हे. परंतु आपल्या अज्ञानाला दुसऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणे हा अन्याय आहे, आणि ज्याच्याजवळ तपासण्याची साधने आहेत त्याने ते करावे, यात तो अधिकच गडद होतो.

दोष सिद्ध करण्याचा भार कोणी वाहावा, या प्रश्नावर संगणकाच्या इतिहासात एक बोधप्रद प्रकरण आहे. १९९४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजमधील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या संगणकाच्या भागाकारात चूक येते असे आढळले. त्यांनी महिनोन्‌महिने एकेक शक्यता वगळत शोध घेतला आणि दोष इंटेल कंपनीच्या पेंटियम या नव्या प्रोसेसरमध्येच आहे असे निश्चित केले. कंपनीला हा दोष त्याच वर्षी आधीच कळलेला होता. बातमी पसरल्यावर कंपनीने हिशेब मांडला की, सर्वसाधारण वापर करणाऱ्यास अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल; त्यामुळे ज्यांना अतिशय अचूक गणिताची गरज आहे असे पटवून देता येईल, त्यांनाच प्रोसेसर बदलून मिळेल. लोक खवळले. आयबीएमने आपल्या हिशेबाने ही चूक कितीतरी लवकर येऊ शकते असे सांगून त्या प्रोसेसरचे संगणक पाठवणे थांबवले. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने जाहीर केले की, जो मागेल त्याला कोणताही प्रश्न न विचारता प्रोसेसर बदलून देऊ. त्यापायी तिने ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च हिशेबात धरला.

कंपनीचे २७,००० वर्षांचे गणित योग्य होते की अयोग्य, याची चर्चा तज्ज्ञांनी करावी. आम्हांला लक्षात घ्यावीशी वाटते ती लोकांच्या रागाची दिशा. लोक चुकीवर तितके रागावले नव्हते. चूक कोणाच्या हातून होत नाही? आपल्याला दिलेली वस्तू सदोष आहे हे देणाऱ्याने मान्य केल्यावरही, ती बदलून मागण्याची आपली योग्यता आपणच सिद्ध करावी, ही अट त्यांना झोंबली. घेणेकऱ्याने आपली गरज सिद्ध करावी लागते ती दानाच्या दारात. जे आपले देणे आहे ते मागताना गरज सिद्ध करावी लागत नाही. कंपनीने न्यायाची गोष्ट दानाच्या रांगेत उभी केली होती.

त्याच कंपनीवर तीस वर्षांनी पुन्हा तसाच प्रसंग आला. तिच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर असलेले संगणक वारंवार बंद पडू लागले. प्रारंभी बोट मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या मांडणीकडे दाखवले गेले. २०२४ च्या जुलै महिन्यात कंपनीने सांगितले की, प्रोसेसरला चालवणाऱ्या तिच्याच सूक्ष्म आज्ञावलीतील चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यावर सुधारणा देण्यात आली. परंतु जे प्रोसेसर आधीच इजा पावले होते ते त्या सुधारणेने बरे होणारे नव्हते. म्हणून ऑगस्टमध्ये कंपनीने त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कारण उशिरा कळले तर मुदत पुढे न्यावी, हा विचार न्यायाचा आहे. दोष गुप्त होता तोवर घड्याळ गिऱ्हाइकाविरुद्ध चालत होते. ते मागे फिरवणे एवढेच देणाऱ्याच्या हाती होते.

मोठ्या कंपनीच्या बाबतीत वर्तमानपत्रे लिहितात आणि जगभरचे लोक एकत्र बोलतात, म्हणून तिला उत्तर द्यावे लागते. परंतु एका वाडीतल्या मुलीचा एकच लॅपटॉप असतो. तिने कोणाला विचारावे? दुकानदार म्हणतो, “आम्ही फक्त विकतो, कंपनीला विचारा.” कंपनीच्या दूरध्वनीवरचा आवाज म्हणतो, सर्व्हिस सेंटरला विचारा. सर्व्हिस सेंटर म्हणते, सुटा भाग वरून मंजूर होऊन आला पाहिजे. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे काम केलेले असते, प्रत्येकाच्या नोंदवहीत तक्रार निकाली निघालेली असते, आणि तरीही दिलेला शब्द मोडलेला असतो. आधुनिक काळातील अन्यायाचे हे एक खास रूप आहे. येथे खोटे बोलणारा मनुष्य शोधून सापडत नाही. जबाबदारी इतक्या हातांत वाटली गेलेली असते की, कोणत्याही एका हाताला तिचे वजन जाणवत नाही.

अशा वेळी आपला राग कोणावर निघतो? खिडकीपलीकडे बसलेल्या त्या तरुणावर. पुष्कळदा तो कंपनीचा नोकरही नसतो. कंत्राट घेतलेल्या दुसऱ्याच कोणाचा तुटपुंज्या पगारावरचा माणूस असतो. दिवसाला किती यंत्रे निकाली काढली यावर त्याचे मोल ठरते. सुटा भाग बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. शिव्या ऐकण्याचे काम मात्र त्याचेच असते. आपल्याच कोण्या शेजाऱ्याचा तो मुलगा असू शकेल. त्याच्यावर ओरडल्याने शब्द देणाऱ्याच्या कानापर्यंत काही पोहोचत नाही. मात्र त्याच्याशी सौजन्याने वागणे म्हणजे आपला हक्क सोडणे नव्हे. माणसाशी मृदू आणि मागणीत ठाम, असे एकाच वेळी असता येते. किंबहुना तसे असणे हीच खरी कसोटी आहे. “तुमच्यावर माझा राग नाही, परंतु यंत्र तीन वेळा आले आणि तीनही वेळा तसेच परत गेले, हे कागदावर लिहून द्या,” असे म्हणणारे गिऱ्हाईक त्या तरुणालाही हवेसे वाटते.

आपल्या कुटुंबांत एक सवय दिसते, तिचाही येथे विचार केला पाहिजे. “जाऊ द्या, कोण भांडत बसणार? आपल्या नशिबात खराब तुकडा आला,” असे म्हणून आपण गप्प बसतो आणि या गप्प बसण्याला सहनशीलतेचे, कधी कधी तर क्षमेचेही नाव देतो. क्षमा हा थोर गुण आहे. परंतु क्षमा व्यक्तीला करावयाची असते, आणि तीही झालेला अन्याय ओळखून. जो अन्याय आपण पुरता पाहिलाही नाही त्याची क्षमा कशी होईल? शिवाय हा प्रश्न आपल्या एकट्याच्या नुकसानाचा नसतो. आपण गप्प बसलो की नोंद अशी राहते की, या यंत्राविषयी कोणाची तक्रार नाही. आणि त्याच नोंदीच्या बळावर पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितले जाते की, असे कोणाचेच होत नाही, तुमचेच काहीतरी चुकत असेल. नाइसलींनी शोध अर्धवट सोडला असता तर लाखो लोकांच्या संगणकातील दोष आणखी किती काळ झाकलेला राहिला असता!

तक्रार करण्याचीही एक नीती आहे, आणि तिची सुरुवात सत्यापासून होते. यंत्रावर चहा सांडला असेल, ते हातातून पडले असेल, बाहेर कोणाकडून उघडले असेल, तर ते लपवू नये. कंपनीने आपल्याशी खरे बोलावे अशी अपेक्षा करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आपण खरे बोलणे हे आहे. त्यानंतर नोंद ठेवावी. यंत्र कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणते काम चालू असताना बंद पडले ते वहीत लिहावे. पडद्याचे छायाचित्र काढावे. प्रत्येक खेपेची पावती जपावी. आणि मुदत संपण्यापूर्वी तक्रार लेखी पोहोचवावी, तोंडी नव्हे. आपली माहिती दुसरीकडे उतरवून ठेवल्याखेरीज यंत्र दुरुस्तीला देऊ नये, कारण यंत्र बदलून मिळते, परंतु त्यातील वर्षाचे काम कोणी बदलून देत नाही.

कायदाही आज पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात ग्राहक पंचायतीच्या चळवळीने गिऱ्हाइकाला बोलायला शिकवले. १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला. आता आपण जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीकडे सांगता येते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मात्र त्या तपासणीचा खर्च प्रथम तक्रारदारालाच भरण्यास सांगितला जाऊ शकतो. म्हणजे दुर्बळाच्या खांद्यावरचा पुराव्याचा भार हलका झाला असला तरी पूर्ण उतरलेला नाही.

पुन्हा त्या कुटुंबाकडे वळू, कारण खरी परीक्षा पुढेच होती. नववा महिना उजाडला होता आणि परीक्षा जवळ आली होती. कोणा नातलगाने सल्ला दिला, “तास-दीड तास तर चालतो ना? सगळं पुसून स्वच्छ करा, वॉरंटी आहे म्हणून सांगा आणि विकून टाका. घेणारा बघून घेईल. कंपनीनेच लिहून दिलंय की दोष नाही. मग तुम्ही कुठे खोटं बोलता?” युक्तिवाद मोठा चतुर होता. ज्या कागदाने त्या मुलीला कित्येक महिने खोटे ठरवले, तोच कागद आता तिच्या खोटेपणाला पांघरूण घालण्यास तयार होता.

हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात रोमन विचारवंत सिसेरो याने सदोष घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. दोन तत्त्ववेत्त्यांचा वाद त्याने मांडला आहे: बाबिलोनचा डायोजिनस म्हणतो की, कायद्याने जेवढे सांगणे भाग आहे तेवढे विक्रेत्याने सांगितले म्हणजे पुरे, अँटिपेटर म्हणतो की, घेणाऱ्याला माहीत असावे असे सारे सांगितले पाहिजे. सिसेरोने कौल दिला तो सांगण्याच्या बाजूने. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच विषयाची बारकाईने छाननी केली. एका डोळ्याचा घोडा विकताना दोष सर्वांना दिसतोच. किंमत त्या मानाने कमी केली असेल तर तो बोलून दाखवण्याचे बंधन नाही. परंतु दोष गुप्त असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान वा अनिष्ट होणार असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. दोष माहीत नसताना विकला तर पाप नाही. मात्र कळल्यावर भरपाई केली पाहिजे. आणि हे बंधन घेणाऱ्यावरही आहे: विकणाऱ्याने अजाणता पितळेच्या भावाने सोने दिले तर घेणाऱ्याने गप्प बसू नये. आजच्या वॉरंटीच्या सगळ्या प्रश्नांची मुळे या छाननीत सापडतात.

त्या घरात मात्र ग्रंथ उघडावे लागले नाहीत. मुलगी म्हणाली, “माझ्यासारखाच कोणीतरी विद्यार्थी घेईल. त्याचाही परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडेल.” आणि वडील म्हणाले, “वरची पाने ताजी आणि आत सडकी, अशी जुडी मी दादरला कधी बांधली नाही. आता या वयात बांधू?” लॅपटॉप विकला गेला नाही. वहीतील नोंदी, छायाचित्रे आणि पावत्या जोडून कंपनीला लेखी तक्रार गेली, मदतवाहिनीवरही गेली. दहाव्या महिन्यात कंपनीने त्याच जातीचे दुसरे यंत्र दिले. त्याची वॉरंटी नव्याने सुरू झाली नाही. पहिल्या यंत्राचे जे दोन महिने उरले होते तेवढीच राहिली. परीक्षा मुलीने मैत्रिणीचा संगणक मागून दिली.

न्याय झाला काय? यंत्राच्या बदल्यात यंत्र मिळाले, म्हणजे हिशेब जुळला असे कंपनी म्हणेल. परंतु दहा महिन्यांतील हेलपाट्यांचे दिवस, बुडालेला अभ्यास आणि सर्वांत अधिक म्हणजे आपल्याला खोटे समजले गेल्याची बोच, यांचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नव्हता. दुरुस्ती वस्तूची करता येते. अविश्वासाने झालेल्या जखमेला दुसरे औषध लागते. “तुम्ही सांगत होता ते खरे होते, आम्हांला ते उशिरा कळले,” एवढे एक वाक्य नव्या यंत्राच्या खोक्यात कोणी घातले असते, तर त्याला पैसा पडला नसता.

यावर कोणी म्हणेल की, लाखो यंत्रे बनवणाऱ्याकडून एकही सदोष निघू नये, ही अपेक्षाच अवाजवी आहे. आम्हांलाही ते मान्य आहे. मनुष्याच्या हातचे काही निर्दोष नसते, आणि म्हणूनच तर वॉरंटी असते. आपल्याकडून चूक होऊ शकते हे आधीच मान्य करून दिलेला तो शब्द आहे. अशा शब्दात एक प्रकारची नम्रता आहे. ‘मी चुकलो तर तू एकटा पडणार नाहीस’ असा त्याचा अर्थ आहे. यंत्र बंद पडले म्हणजे हा शब्द मोडत नाही. खरे तर तेव्हाच त्याची पाळी सुरू होते. बंद पडलेल्या यंत्राबरोबर गिऱ्हाइकालाही एकटे सोडले जाते, तेव्हा तो मोडतो.

आणि हे केवळ मोठ्या कंपन्यांना लागू आहे असे नाही. आपल्यातील सुताराने बसवलेले दार पहिल्याच पावसात फुगते. शिंप्याने शिवलेला पोशाख लग्नाच्या दिवशी उसवतो. शिकवणीच्या शिक्षकाने शिकवलेले मुलाला कळत नाही. आणि आम्ही पाळक मंडळी ज्यांना ‘केव्हाही या’ असे म्हणतो, ती माणसे कधी भलत्याच वेळी दारात उभी राहतात. प्रत्येक ठिकाणी कागदाशिवाय दिलेली एक वॉरंटी असते. समोरचा मनुष्य येऊन “अजून बरोबर चालत नाही” असे म्हणतो, त्या क्षणी आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते, यावर आपल्या शब्दाची किंमत ठरते. ‘दोष आढळला नाही’ हे वाक्य आपल्यालाही फार लवकर सुचते. त्याऐवजी ‘बसा, पुन्हा एकदा पाहू’ असे म्हणता आले, तर निम्मी दुरुस्ती तेथेच झालेली असते.